गुडघ्यांचा सेल आणि डोंगरबंदीचे फतवे

वसई-विरारमध्ये बाईने साठी ओलांडली की तिच्या गुडघ्यांवर अख्ख्या गावाचा हक्क सुरू होतो. सोसायटीचे सेक्रेटरी, भाजीवाली, धाकटी जाऊ, जावयाचे वडील, लोकलमध्ये शेजारी टेकलेली अनोळखी बाई, सगळे अस्थिरोगतज्ज्ञ. मी चौसष्ट वर्षांची आहे. उजवा गुडघा दुखतो, एक्सरेत तिसऱ्या श्रेणीची झीज दिसते, आणि मी पालघर जिल्ह्यातले डोंगर चढते. या तीन वाक्यांपैकी पहिली दोन लोकांना पटतात. तिसरं ऐकलं की त्यांचा चेहरा असा होतो, जणू मी घरात दारूची भट्टी लावली आहे.

"आता बास झालं हो डोंगर. गुडघे सांभाळा."

गुडघे सांभाळा! हा उपदेश चाळीस वर्षं कुठे लपला होता? उकिडवं बसून फरशी पुसत होते तेव्हा कुणाला माझा गुडघा आठवला नाही. नालासोपाऱ्यात अजूनही लिफ्ट नसलेल्या चारमजली इमारती उभ्या आहेत. टँकर खाली येतो आणि हंडे-कळशा जिन्याने वर जातात. त्या जिन्यावर "मावशी, गुडघे सांभाळा" म्हणायला कोण उभं असतं? विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. तेवढा प्रवास दीड-पावणेदोन तास एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभ्याने करणाऱ्या हजारो बायका आहेत. त्यांच्या कूर्चेची, म्हणजे गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या मऊ अस्तराची, चिंता करणारा एक पुरुष मला आजवर भेटलेला नाही. बाई घरासाठी झिजली तर ते कर्तव्य. स्वतःच्या आनंदासाठी डोंगर चढली तर ते गुडघ्यांवरचे अत्याचार! यात वैद्यकशास्त्र औषधापुरतंही नाही. हा बाईच्या मोकळ्या वेळेवरचा जुना डोळा आहे, फक्त आता त्याने गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला आहे.

आणि वैद्यकशास्त्रच हवं असेल तर तेही ऐका. बीजिंगमधल्या म्हाताऱ्या स्त्रियांची तपासणी 2001 साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यात गुडघ्याचा संधिवात अमेरिकेतल्या त्याच वयाच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त निघाला. पुढच्या अभ्यासात त्याचा संबंध तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसण्याशी दिसला. म्हणजे खरी भीती घालायची असेल तर ती विळीची, ओट्याखालच्या पोत्याची आणि फडक्याची घाला. कोहोजगडाची कशाला?

आमच्या विरारची जीवदानी बघा. तेराशेच्या वर पायऱ्या. नवरात्रात साठी-सत्तरीच्या बायका अनवाणी चढतात, उतरतात, वर उपासही करतात. सगळे कौतुकाने हात जोडतात. तीच बाई दुसऱ्या रविवारी पाठीला पिशवी अडकवून सफाळ्याला उतरली आणि तांदुळवाडीच्या किल्ल्याकडे निघाली की तिचं डोकं फिरलेलं असतं. गुडघ्याला देऊळ आणि किल्ला यांतला फरक कळतो का? कूर्चा भाविक असते का?

आता डॉक्टरकडे वळू. मी ज्या सर्जनकडे गेले त्यांचं नाव सांगणार नाही, कारण त्यांच्यासारखे बरेच आहेत. त्यांनी एक्सरे उजेडापुढे धरला आणि दोन वाक्यांत खटला निकाली काढला. "वंगण संपलंय. हाडावर हाड घासतंय." मी किती चालते, कुठे दुखतं, चढताना की उतरताना, रात्री झोपमोड होते का, यातलं काहीही विचारलं नाही. माझ्या गुडघ्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. फोटो पाहिला. फोटोवर लग्न जमवायची पद्धत आपण मागे टाकली, पण फोटोवर हाडं कापायची पद्धत मात्र जोरात आहे.

एक्सरेवरून झिजेच्या श्रेणी ठरवायची जी पट्टी आहे ती केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी 1957 साली मांडली. हाडांमधली फट किती उरली, कडेला हाड किती वाढलं, एवढं ती सांगते. माणूस किती चालतो ते ती सांगत नाही, सांगू शकत नाही. भयंकर एक्सरे असलेली माणसं आरामात फिरतात आणि बऱ्यापैकी एक्सरे असलेली कळवळतात, हे प्रत्येक हाडवैद्याला शिकत असल्यापासून माहीत असतं. तरी पेशंटसमोर तो फोटो न्यायाधीशाच्या निकालपत्रासारखा फडकवायचा. का? कारण प्रश्न विचारायला वेळ लागतो आणि बाहेर आणखी माणसं बसलेली असतात.

त्यांनी मला डोंगर कायमचा बंद केला. त्याच दमात ऑपरेशन सुचवलं. आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर काय होतं? गुडघा बदललेल्या जोडप्याचं पोस्टर. पांढऱ्या केसांचं, हसरं, हातात काठ्या घेऊन बर्फाळ डोंगरावर उभं! माझा स्वतःचा गुडघा घेऊन डोंगरावर जाणं म्हणजे गुन्हा, आणि त्यांच्याकडून विकत घेतलेला गुडघा घेऊन गेले की मी जाहिरात. हा अंतर्विरोध त्यांच्या खुर्चीपासून चार फुटांवर भिंतीला चिकटवलेला होता, रंगीत, लॅमिनेट केलेला. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "ते परदेशातलं आहे." मग इथे कशाला टांगलंत, महाराज?

या सगळ्या उपदेशकांचा लाडका दृष्टांत म्हणजे टायर. टायर जितका पळवाल तितका झिजणार, म्हणून गाडी घरात ठेवा. अहो, टायर मेलेलं रबर आहे. कूर्चा जिवंत आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यावर भार पडतो, सुटतो, पुन्हा पडतो, तेव्हा आतला द्रव तिच्यात खेळतो आणि त्यातून तिचं पोषण होतं. गुडघा खुर्चीत ठेवून वाचवता आला असता तर सगळ्या कारकुनांचे गुडघे पंचविशीतले राहिले असते. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून 2017 साली एक हिशेब मांडला गेला. हौशी धावपटूंमध्ये खुब्याचा आणि गुडघ्याचा संधिवात साडेतीन टक्क्यांच्या आसपास. बैठ्या माणसांमध्ये दहा टक्क्यांच्या वर. स्पर्धेत जीव तोडून धावणाऱ्यांमध्ये तेरा. अतिरेक वाईट, हे खरं. पण सोफा त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरावर आहे, त्याचं काय? सोफा बंद करा, असं लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन कुणी पाहिलं आहे का?

मग पॅकेज. दुखतो उजवा. सल्ला मिळाला दोन्हींचा. "डावाही आज ना उद्या जाणारच आहे, एकदमच उरकून घ्या, स्वस्तात पडतं." साड्यांच्या दुकानात एकावर एक मिळते ती गोष्ट वेगळी. इथे चांगल्या चालणाऱ्या गुडघ्याचं हाड कापायचं म्हणतायत, सवलतीच्या नावाखाली! दोन्ही गुडघे खरोखर वाकडे झालेल्या, घरातल्या घरात चालणं बंद झालेल्या माणसाला एकदम दोन्ही करणं सोयीचं ठरू शकतं, प्रकृती धडधाकट असेल तर. माझा डावा गुडघा दुखत नाही. न दुखणाऱ्या अवयवावर बोली लावणाऱ्याला डॉक्टर म्हणायचं की दलाल, हे तुम्हीच ठरवा.

पॅकेजमध्ये रोबोही आहे. हायवेवर, स्टेशनबाहेर, रिक्षांच्या पाठीवर रोबो. रोबोने केलेला गुडघा अधिक टिकतो असा भास त्या फलकांवरून होतो. कोरियातल्या सर्जननी शेकडो पेशंटांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली, एकीकडे रोबो, एकीकडे नेहमीची पद्धत, आणि दहा वर्षांहून जास्त काळ त्यांचा पाठपुरावा केला. निष्कर्ष 2020 साली छापून आले. दुखण्यात, वावरण्यात, सांधा टिकण्यात, कशातच फरक नाही. यंत्र वाईट नाही. पण यंत्राचा हप्ता माझ्या मांडीतून फेडायचा असेल तर मला आधी तसं सांगा.

आणि पैशाचं एक नीट ऐकून ठेवा, कारण हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला 54,720 रुपये, टायटॅनियमसारख्या खास धातूच्या सांध्याला 76,600, वर कर. त्याआधी यांच्या सरासरी किमती दीड लाखाच्या पुढे होत्या. बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवणं हॉस्पिटलला बंधनकारक केलं आहे. "पॅकेज आहे हो, वेगळं काढता येत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला या आदेशाची आठवण करून द्या. सर्जनच्या कौशल्याला पैसे जरूर द्या. धातूच्या नावावर फसू नका.

एवढं ऐकून कुणाला वाटेल की मी ऑपरेशनच्या विरोधात आहे. मुळीच नाही. गुडघ्याचं सांधेरोपण ही विसाव्या शतकाने दिलेल्या उत्तम शस्त्रक्रियांपैकी एक आहे, आणि तिच्या पायाशी एक भारतीय माणूस उभा आहे. न्यूयॉर्कमध्ये 1974 च्या सुमारास आजच्या गुडघ्याचा मूळ नमुना तयार झाला, तो करणाऱ्यांत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच राणावतांनी मुंबईत ब्रीच कँडीत ऑक्टोबर 2000 मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलला आणि जून 2001 मध्ये उजवा. लक्षात घ्या, देशाच्या पंतप्रधानाचेही दोन गुडघे एकदम उरकले नाहीत, मध्ये आठ महिने गेले. त्या दोन ऑपरेशनांनी या देशातल्या म्हाताऱ्या माणसांची भीती जेवढी घालवली तेवढी हजार व्याख्यानांनी घालवली नसती. आणि टिकतात हे सांधे. जुन्या नोंदी गोळा करून 2019 साली लॅन्सेटमध्ये जो हिशेब छापला गेला त्यात पंचवीस वर्षांनंतर 82 टक्के पूर्ण सांधे जागेवर होते. ज्या बाईला रात्री दुखण्याने झोप लागत नाही, जिचा पाय धनुष्यासारखा वाकलाय, जिला स्वयंपाकघरापासून संडासापर्यंत भिंत धरून जावं लागतं, तिने उद्या नव्हे, आज ऑपरेशन करावं. तिला "अजून थोडं सहन कर" म्हणणारे नातेवाईक निर्दयी आहेत. पैसे वाचवतात आणि त्याला संयम म्हणतात.

पण मी ती बाई नाही. आणि माझ्यासारखीला कळायला हवेत ते आकडे त्या पोस्टरवर नसतात. ऑपरेशननंतर पाचातला एक माणूस समाधानी नसतो, हे कॅनडातल्या सतराशे पेशंटांच्या पाहणीत दिसलं आणि इतरत्रही थोड्याफार फरकाने तेच दिसत आलं आहे. वयाचा हिशेब तर अगदीच लपवला जातो. सत्तरीनंतर गुडघा बदलला तर उरलेल्या आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती पस्तीस टक्क्यांपर्यंत जाते. हे ब्रिटनमधल्या नोंदींवरून 2017 साली लॅन्सेटमध्येच आलं. दुसऱ्यांदा करावं लागणारं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, हाड कमी उरलेलं असतं. म्हणजे पन्नास-बावन्नच्या ट्रेकरला "लवकर करून टाका, मग आयुष्यभर मजा" म्हणणारा माणूस दुसऱ्या ऑपरेशनचीही सोय करून ठेवतो आहे.

सगळ्यात मोलाचा अभ्यास डेन्मार्कचा, 2015 सालचा. ऑपरेशनला पात्र ठरलेली शंभर माणसं घेतली. पन्नास जणांचा गुडघा बदलला आणि वर व्यायाम दिला. पन्नास जणांना नुसताच बारा आठवड्यांचा देखरेखीखालचा व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटात घालायच्या गाद्या आणि लागेल तसं वेदनाशामक. वर्षाने काय निघालं? ऑपरेशनवाल्यांना जास्त आराम पडला, जवळजवळ दुप्पट. हे मी लपवणार नाही. पण नुसत्या व्यायामवाल्यांतही दोनतृतीयांश लोकांना ठळक फरक पडला, पन्नासातल्या फक्त तेरा जणांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं, आणि गंभीर त्रासाच्या घटना ऑपरेशनच्या गटात चौपट होत्या. चोवीस आणि सहा. आता सांगा, मला बारा आठवड्यांच्या व्यायामाचं नाव त्या खोलीत का ऐकू आलं नाही? व्यायामाला पॅकेज नसतं म्हणून?

मधल्या बाजारालाही सोडून चालणार नाही. गुडघ्याचं तेल विकणारे, चुंबकाचे पट्टे विकणारे, गोळ्यांच्या डब्या पाठवणारे. ग्लुकोसामाइनवर अमेरिकेत सुमारे सोळाशे माणसांची चाचणी झाली, 2006 साली निकाल आला, एकूण गटात साखरेच्या गोळीहून सरस ठरलं नाही. स्वतःच्याच रक्तातला प्लाझ्मा गुडघ्यात टोचायची नवी फॅशन आहे. ऑस्ट्रेलियात 288 माणसांवर ती तपासली, 2021 साली कळलं की मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनएवढाच गुण येतो. "दुर्बिणीने आतून साफ करून घ्या" हा सल्ला तर 2002 सालीच मेला. ह्यूस्टनमध्ये अर्ध्याअधिक पेशंटांना खरी साफसफाई केली, बाकीच्यांना नुसती चीर देऊन टाके घातले, आणि दोघांचं दुखणं सारखंच राहिलं. वीस वर्षं उलटून गेली. प्रेताला अजून सलाइन लावलेलं आहे, कारण ते बिलात येतं.

आता आमच्या लोकांकडे येते, ट्रेकर मंडळींकडे, आणि इथेही मी गोड बोलणार नाही. आमच्यात एक जमात आहे जिला गुडघा बदलणं म्हणजे शरणागती वाटते. वेदनाशामक गोळी गिळून अशेरीगड चढतील, उतरताना दात-ओठ खातील, घरी येऊन बर्फ लावतील आणि त्याला सह्याद्रीची साधना म्हणतील. साधना कसली? पाठोपाठ गोळ्या खाऊन मूत्रपिंडं खलास करायची ही उद्दाम हौस आहे. दुसरी जमात याच्या उलट. ऑपरेशन झालं की नवा पार्ट बसला, आता पुन्हा हरिश्चंद्रगडावरून धावत उतरू! भिंतीवरच्या पोस्टरने यांचीच डोकी बिघडवली आहेत.

सर्जन संघटना ऑपरेशननंतर डोंगरात चालायला परवानगी देतात, हे खरं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर आखलेली, रुंद, हलक्या चढाची पायवाट असते. तांदुळवाडीचा घसारा नसतो. कामणदुर्गाच्या वाटेवरचा मुरूम नसतो. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ नसतो. नव्या गुडघ्याला उडी चालत नाही. गुडघ्यावर टेकून कातळटप्पा चढणं बहुतेकांना त्रासाचं होतं. पडलात तर धातूच्या कडेला हाड मोडू शकतं आणि ते जुळवणं महाकठीण. बर्लिनच्या डॉक्टरांनी थेट कृत्रिम गुडघ्यातच मापकं बसवून 2010 साली भार मोजला. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या अडीचपट, पायऱ्या उतरताना जवळजवळ साडेतीनपट. पासष्ट किलोच्या बाईच्या एका गुडघ्यावर एका पावलाला सव्वादोनशे किलो. चढ फुप्फुसांचा कस पाहतो, उतार गुडघ्यांचा. ऑपरेशन करू की नको, हा प्रश्न म्हणून मी चढावर सोडवत नाही. उतारावर सोडवते.

माझा निर्णय झालेला आहे आणि तो मी कुणाच्या परवानगीने घेतलेला नाही. आत्ता ऑपरेशन नाही. आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचा व्यायाम, वजन लावून, घाम येईपर्यंत. टीव्हीसमोर पाय हलवणं याला व्यायाम म्हणत नाहीत. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, म्हणून भात कमी आणि फरसाण बंद. उताराला दोन काठ्या. एक नाही, दोन. ऑस्ट्रियात 1999 साली मोजलं गेलं आहे, उतरताना काठ्यांनी गुडघ्यावरचा भार बारा ते पंचवीस टक्क्यांनी घटतो. काठ्या पाहून "आजीबाई" म्हणून हसणारी तरुण पोरं आमच्या गटात आहेत. हसू द्या त्यांना, त्यांच्याही चाळिशीची वाट पाहीन. अशेरी आणि कोहोज कोरड्या दिवसांतच. पावसाळ्यात तुंगारेश्वरचा रस्ता पुरे.

आणि ऑपरेशन कधी, तेही लिहून ठेवलं आहे, मुलीकडे प्रत दिली आहे. रात्रीची झोप दुखण्याने नियमित मोडू लागली, सपाट रस्त्यावर वसई स्टेशनपर्यंत न थांबता जाता आलं नाही, किंवा पाय वाकडा होत चालला, तर त्याच महिन्यात ऑपरेशन. फक्त उजवा. त्या दिवशी मी सह्याद्रीच्या नावाने अश्रू ढाळणार नाही आणि कुणी ढाळू नयेत. तेव्हा कातळटप्पे सोडीन आणि रुंद वाटेचे डोंगर धरीन.

तोवर माझ्या बरोबरीच्या बायांना एवढंच सांगणं. सर्जनसमोर बसाल तेव्हा घाबरून मान डोलवू नका. विचारा: एक्सरे बाजूला ठेवून माझा गुडघा तपासणार का? वर्षाला किती गुडघे तुम्ही स्वतः करता? जंतुसंसर्ग किती जणांना झाला? बारा आठवड्यांचा व्यायाम आधी का नको? न दुखणारा गुडघा का कापायचा? सांध्याची किंमत बिलात वेगळी दाखवणार का? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही, खुर्ची जवळ ओढतो. जो चिडेल त्याची तपासणी फी काउंटरवर ठेवा, पावती घ्या आणि दुसरा डॉक्टर गाठा.